'ऐतिहासिक येशू' की 'इतिहासातला येशू'?

दौत: अनुवादात अडलंय. बायबलच्या नव्या कराराचे अभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या धरतात : साधनांच्या आधारे जेवढा हाती लागतो तेवढा गालीलचा माणूस, आणि चर्च ज्याची उपासना करतं तो ख्रिस्त. पहिल्याला 'ऐतिहासिक येशू' म्हणावं, तर मराठीत निर्णय, सभा, विजय सगळंच 'ऐतिहासिक' असतं. दुसऱ्याला 'श्रद्धेतला ख्रिस्त' म्हटलं की 'म्हणजे खरा नव्हे' असा वास येतो.

कित्ता: जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. धर्मशास्त्रज्ञ मार्टिन केलर यांनी १८९२ मध्ये येशूला 'हिस्टोरिश' म्हटलं, ख्रिस्ताला 'गेशिश्टलिश'. पहिला पुराव्यांतून जुळवलेला, दुसरा ज्याचा परिणाम इतिहासात चालू राहिला तो. मराठीत एकटं 'ऐतिहासिक' दोन्ही ओझी वाहतं. पहिल्यासाठी 'इतिहाससिद्ध' घ्या.

बारव: 'सिद्ध' नको. योहानाकडून बाप्तिस्मा आणि रोमन अधिकारी पिलाताच्या अमदानीत क्रुसावर मृत्यू, एवढ्यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. बाकी साक्षी तोलणं अजून चालूच आहे. 'इतिहासातला येशू' साधं आहे, तेच ठेवा.

कित्ता: इति-ह-आस म्हणजे 'असंच घडलं'. मग तुमचा शब्द माझ्यापेक्षा मोठा दावा करतो.

बारव: शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, फोड करून नव्हे.

पागोळी: खरी गफलत दुसऱ्या अर्ध्यात आहे. ख्रिस्त हे आडनाव नाही, पद आहे. हिब्रू 'माशिअह'चं, म्हणजे तेल लावून नेमलेल्याचं, ग्रीक भाषांतर 'ख्रिस्तोस'. मार्क ८:२९ मध्ये शिष्य पेत्र येशूला 'तू ख्रिस्त आहेस' म्हणतो, तिथे पदच आहे. प्रेषित पौलाच्या पत्रांत, म्हणजे इ.स. ५०च्या दशकात, ते नावासारखं वापरलं जातं. रोमन इतिहासकार टॅसिटस तर 'ख्रिस्तुस' हे नावच समजतो. ज्यू इतिहासकार योसेफस मात्र याकोबाला 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ' म्हणतो. 'म्हटल्या जाणाऱ्या' इथेच सगळा भेद आहे. तेव्हा इतिहासाच्या वाक्यात फक्त 'येशू' लिहा. नाहीतर 'ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व ४च्या आधी' असलं वाक्य उभं राहतं, कारण येशू ज्याच्या काळात जन्मला असं शुभवर्तमान सांगतं तो राजा हेरोद इ.स.पू. ४ मध्ये वारला असं सहसा धरतात.

कित्ता: म्हणूनच 'इसवी सनापूर्वी' बरं.

पागोळी: 'इसवी'तही ईसा आहेच, पण निदान ते पद नाही.

दौत: मग पदाचा अर्थ सांगताना 'अभिषिक्त' चालेल? अभिषेक म्हटलं की पिंडीवरची धार डोळ्यांसमोर येते. इथे तर तेल आहे.

बारव: धारच आहे. जुन्या करारात १ शमुवेल १०:१ मध्ये संदेष्टा शमुवेल कुपीतलं तेल शौलाच्या डोक्यावर ओततो.

पागोळी: पण 'माशिअह' ज्यातून आला त्या 'माशाह' क्रियापदाचा अर्थ माखणं. निर्गम २९:२ मध्ये तेल चोपडलेल्या बेखमीर पातळ पोळ्यांनाही तेच क्रियापद लावलंय.

कित्ता: मग 'अभ्यक्त' घ्या. अभि अधिक अंज्, म्हणजे तेल माखणं. 'अभ्यंग' त्यातूनच आला. शब्दशः इतकं जवळचं दुसरं नाही.

बारव: 'अभ्यक्त' वाचून नरकचतुर्दशीची पहाट आठवेल, सिंहासन नाही. शौल आणि दावीद तेल लागल्यावर राजे ठरले. 'राज्याभिषेक' मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, 'अभिषिक्त'च हवं.

कित्ता: आणि निर्गम ३० मधले याजक? त्यांनाही अभिषेकाचं तेल लावलं. ते राजे नव्हते.