चार आठवडे केनियात जाऊन एचआयव्हीची जनजागृती: जावं की न जावं?

रानजाई

भाचीचा परवा फोन आला. बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत केनियाला चार आठवडे जायचं म्हणते, ग्रामीण आरोग्य आणि एचआयव्ही जनजागृतीसाठी. विमानाचं तिकीट सोडून एक लाख साठ हजार रुपये भरायचे. "मावशी, तू जाऊन आलीस ना, तूच सांग." मी सांगितलं, जाऊ नकोस. त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतेय.

२०१८ मध्ये मी होमा बे काउंटीत, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या एका गावात सहा आठवडे होते. एमएसडब्ल्यू झालं होतं, वय २७. पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आंब्याच्या झाडाखाली सत्तरएक बायका जमवून ठेवलेल्या. माझ्या हातात इंग्रजी फ्लिपचार्ट. मी एक वाक्य बोलायचं आणि शेजारी उभ्या मेंटॉर मदरने ते धोलुओत, म्हणजे तिथल्या लुओ समाजाच्या भाषेत, सांगायचं. (मेंटॉर मदर म्हणजे स्वतः पॉझिटिव्ह असलेली, औषधं नीट घेऊन निगेटिव्ह बाळ झालेली बाई. दवाखान्यात ती इतर गरोदर बायकांना धीर देते, गोळ्या चुकू देत नाही.) संसर्ग कशाने होतो, कशाने होत नाही, सगळं झालं. टाळ्याही वाजल्या. केनियाने एड्सला राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलं ते १९९९ मध्ये. म्हणजे मी जे सांगत होते ते या बायका जवळजवळ वीस वर्षं ऐकत होत्या.

बायका पांगल्यावर एक मागे राहिली. मेंटॉर मदरशी ती खालच्या आवाजात बराच वेळ बोलली, मला एक अक्षर कळलं नाही. परतताना मी विचारलं. नवरा वारलेला, रिवाजाप्रमाणे आता दिराने तिला ठेवून घ्यायचं, आणि ती पॉझिटिव्ह. दिराला सांगितलं तर राहतं घर जाणार, नाही सांगितलं तर रोज मनाला खाणार. एवढं सांगून मेंटॉर मदर थांबली आणि म्हणाली, "हेसुद्धा मी तुला सांगायला नको होतं."

त्याच आठवड्यात दवाखान्याबाहेर बाकावर एक बाई गोळ्यांच्या नव्या बाटलीत कापूस दाबून भरत होती. मला वाटलं दमट हवेसाठी असेल. तसं नव्हतं. मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, बसलं की बाटली खुळखुळते आणि शेजारचा तो आवाज ओळखतो. फ्लिपचार्टवर हे कुठेच नव्हतं. त्या बाटलीवर पत्ता होता भारतातल्या कारखान्याचा.

माझं मत स्पष्ट आहे. भाषा येत नसताना चार आठवड्यांसाठी जाऊन कुणी एचआयव्हीवर बोलू नये. दुभाषा मध्ये आला की गुपित गेलंच, आणि दुभाषी तिच्याच गावातली असते.

मोजपट्टी

पूर्ण सहमत. नुसता हिशोब मांडतो. केनियाने २०२३ मध्ये एक लाखाहून जास्त सामुदायिक आरोग्य प्रवर्तक नेमले, आपल्या आशाताईंसारखे. मानधन महिन्याला ५,००० शिलिंग, आपले साधारण सव्वातीन हजार. भाचीचे एक लाख साठ हजार म्हणजे एका प्रवर्तकाचं चार वर्षांचं मानधन. घरोघर जाणारी, भाषा येणारी, उद्याही तिथेच असणारी बाई चार वर्षं, की पाहुणी चार आठवडे?

आणि भारताने आफ्रिकेच्या एचआयव्ही रुग्णांसाठी खरं काय केलं ते आठवा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने, युसूफ हमीद यांनी, तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तोच उपचार तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांकडून घेतला तर वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जायचा. लाखो जीव त्या गोळीने वाचले. त्यासाठी कुणाला तिथे जाऊन भाषण करावं लागलं नाही.

कृष्णाकाठ

असहमत, आणि अगदी मनापासून असहमत.

मी सांगली जिल्ह्यात २००९ पासून आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, समुपदेशक आहे. मोजपट्टी, गोळी कारखान्यातून निघते, पण ती तोंडात जाईपर्यंत मध्ये दहा माणसं लागतात. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन समोर बसलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटं काहीच ऐकू येत नाही. तिथे गोळीची किंमत कामाला येत नाही, कुणीतरी समोर बसून राहावं लागतं.

रानजाईताई, तुमचा मुद्दा दुभाष्याचा आहे आणि तो खरा आहे. पण मोजपट्टी म्हणतात तसं 'गावातलीच बाई योग्य' हे मला पटत नाही. आमच्याकडे जतचा माणूस जतला तपासणी करत नाही, मिरजेला येतो. मिरजेचा कोल्हापूरला जातो. कुणी सरळ कर्नाटकात जातं. का? तर आपल्या गावची सिस्टर आपल्या मावशीच्या भिशीत असते. एका बाईने मला तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, तुम्ही आमच्यातल्या नाही म्हणून बोलतेय." परकेपणाचा या कामात उपयोग असतो. तो अजिबात नाही असं म्हणू नका.

रानजाई

कृष्णाकाठताई, मिरजेची बाई जतच्या बाईला परकी असली तरी मराठी किंवा कन्नड बोलते, दीर म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागत नाही, आणि पुढच्या महिन्यात ती त्याच खुर्चीत असते. मी सातव्या आठवड्यात पुण्यात होते.

उनाड_वारा

मी २०२२ मध्ये तीन आठवडे सियाया काउंटीत होते. तेव्हा २० वर्षांची होते. रानजाईताईंचं वाचून दोन दिवस विचार केला, मग लिहायला बसले.

आमच्या गटाच्या सभा ताई म्हणतात तशाच झाल्या. कुणाला काही नवं कळलं असं मला वाटत नाही. पण तिथे शाळा इंग्रजीतून असते, त्यामुळे मोठ्या मुलींशी बोलायला मला दुभाषा लागला नाही. एक १७ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पाणी भरायला जाताना माझ्याबरोबर चालायची. आठ-नऊ दिवस तिने फक्त भारताबद्दल विचारलं. लग्नात किती गाई द्याव्या लागतात? मुलीकडचेच उलट देतात म्हटल्यावर ती जागीच थांबली होती. दहाव्या दिवशी तिने विचारलं, "तपासणी केली तर घरी कळतं का?" गावच्या दवाखान्यातली नर्स तिची सख्खी आत्या. तिथे ती जन्मात गेली नसती.

मी काही सल्ला दिला नाही, मला तेवढी अक्कल होती. आमच्या स्थानिक समन्वयक बाईंना, नाव न सांगता, दुसरं केंद्र कुठे आहे ते विचारलं आणि बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, तिच्यामागे बसून सोबत गेले. बाहेर बाकावर बसून राहिले. रिपोर्ट काय आला ते इथे लिहिणार नाही.

ती माझ्याशी बोलली कारण मी जाणार होते. मी तिथे कायमची राहणारी असते तर ती बोललीच नसती.

मोजपट्टी

उनाड_वारा, तू केलंस ते योग्यच. पण ते कार्यक्रमामुळे झालं नाही, तुझ्यामुळे झालं. तुझ्या गटातल्या बाकीच्यांकडे अशी मुलगी आली असती आणि त्यांनी सल्ला दिला असता तर? तू गेल्यावर तिच्या पुढच्या तपासणीला कोण गेलं?

उनाड_वारा

कोण गेलं ते मला माहीत नाही. तो प्रश्न माझ्याजवळ अजून आहे.

वैनगंगा

३१ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका होते, आता निवृत्त. मला भीती वेगळीच आहे.

भाची नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणता. इथे तिला वरिष्ठ सिस्टर शेजारी असल्याशिवाय आयव्ही लावू देत नाहीत. तिथे गर्दी असते, माणसं कमी, आणि बाहेरून आलेल्या पांढऱ्या कोटाला कुणी अडवत नाही. युगांडातल्या जिंजाची गोष्ट जगजाहीर आहे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने तिथे कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. तिथे दाखल केलेली कितीतरी मुलं दगावली. २०१९ मध्ये दोन आया कोर्टात गेल्या, २०२० मध्ये तडजोड झाली. आपली चूक होती असं तिने मान्य केलं नाही. ती लुबाडायला गेली नव्हती, तळमळीनेच गेली होती. म्हणूनच सांगते, तळमळ आहे एवढ्यावर कुणाला लेकराच्या नसेला हात लावू देऊ नये. भाचीने जायचंच ठरवलं तर तिच्याकडून एक शब्द घ्या: जे इथे एकटीने करायची परवानगी नाही, ते तिथेही एकटीने करायचं नाही.

नैरोबीकर

नैरोबीत १४ वर्षं आहे. चर्चा वाचून एका बाजूला उभं राहता येत नाही, पण काही गोष्टी सांगतो.

सरोवराकाठी 'जाबोया' नावाचा प्रकार आहे. मासे विकणाऱ्या बायकांना चांगली मासळी हवी असेल तर होडीवाल्या कोळ्याशी संबंध ठेवावा लागतो. त्या पट्ट्यात एचआयव्हीचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे, त्याचं हे एक कारण. अशा बाईला 'सुरक्षित संबंध ठेवा' सांगून काय होणार? मासळी हवीच आहे. किसुमूजवळच्या न्दुरू गावच्या बायकांनी वेगळा रस्ता काढला. होड्याच आपल्या मालकीच्या केल्या. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतल्या एकाने त्यांना निधी मिळवून द्यायला मदत केली. होड्यांची कल्पना बायकांची, अर्ज लिहायला मदत परक्याची. मला हे बरोबर वाटतं. पण ही माणसं चार आठवड्यांसाठी येत नाहीत. दोन वर्षं राहतात, आधी भाषा शिकतात. (२०२० च्या पुरात ते गाव पाण्याखाली गेलं, बायका विस्थापित झाल्या. होडी मिळाली म्हणून गोष्ट तिथे संपली नाही.)

दुसरं. सरोवराकाठच्या लुओ समाजात सुंता करायची रीत नव्हती. सुंतेने पुरुषांना होणारा संसर्ग बराच कमी होतो हे चाचण्यांतून कळल्यावर २००८ पासून इथे मोहीम सुरू झाली. आधी वडीलधाऱ्यांचा विरोध होता. राइला ओडिंगांसारखे त्यांचेच पुढारी उघडपणे पाठीशी उभे राहिले तेव्हा गाडी हलली, आणि मग लाखो पुरुष आले. हे काम बाहेरच्या कुणाला, मग तो कितीही शिकलेला असो, जमलं नसतं. माणूस खंगत चालला की इथले म्हातारे अजूनही 'चिरा' म्हणतात, म्हणजे रीत मोडल्याची शिक्षा. आपण इंग्रजीत 'विषाणू' म्हणालो की त्यालाही मान डोलावतात. दोन्ही मनात शेजारी शेजारी राहतं.

पण मोजपट्टी, तुमचा हिशोब मला खटकला. ते एक लाख साठ हजार भाची कुठल्या प्रवर्तकाला पाठवणार आहे का? नाही. ती गेली नाही तर ते पैसे लॅपटॉपला जातील. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत गोठवली. इथल्या एचआयव्ही केंद्रांतले कितीतरी कर्मचारी एका रात्रीत घरी बसले. वेगळ्या खोलीत चालणारं केंद्र सामान्य ओपीडीत मिसळायला लागलं. ज्या बाईने बाटलीत कापूस भरला, ती आता सगळ्या गावासमोर रांगेत उभी राहणार. अशा वेळी नोंदवह्या लावायला, चुकलेल्या तारखा शोधायला दोन हात मिळाले तर कुणाला नको आहेत?

मोजपट्टी

लॅपटॉपचं मान्य. पण चुकलेल्या तारखा शोधायच्या म्हणजे नावं वाचायची. ज्या नोंदवहीत कोण पॉझिटिव्ह आहे ते लिहिलंय, ती चार आठवड्यांच्या पाहुणीच्या हातात द्यायची? आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. सांगली-मिरजेत एखाद्या केनियन विद्यार्थिनीला आपण आयसीटीसीचं रजिस्टर देऊ का?

कृष्णाकाठ

नाही देणार. हा मुद्दा बिनतोड आहे.

पण केनियन विद्यार्थिनी आली तर तिला हाकलणारही नाही. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. तिथे देशोदेशीची माणसं येतात, अजूनही येतात. ती गावच्या आरोग्यसेविकांना शिकवायला येत नाहीत, त्यांच्यासमोर बसून शिकायला येतात. फारशी शाळा न शिकलेली बाई बाळंतपण आणि रक्तदाब समजावून सांगते आणि परदेशी डॉक्टर वहीत लिहून घेतो. आमच्या सांगलीतही १९९२ पासून संग्राम या संस्थेने एचआयव्हीवर जे काम उभं केलं, त्यात वेश्यावस्तीतल्या बायका स्वतः निरोध वाटत होत्या, स्वतः बोलत होत्या. ते बघायलाही लोक लांबून यायचे. बघून गेलेल्यांनी आपल्या गावी काय केलं हा पुढचा भाग, पण बघण्यात नुकसान नव्हतं.

तेव्हा ताई, भाचीला 'जाऊ नकोस' म्हणू नका. 'शिकवायला जाऊ नकोस' म्हणा. त्या मेंटॉर मदरच्या मागे चार आठवडे गप्प बसायला पाठवा. ती मुलगी परत येऊन आपल्या वॉर्डात एचआयव्हीची बाळंतीण आली तर दोन हातमोजे चढवून लांबून बोलणार नाही. आमच्याकडे हे अजून होतं, रोज होतं. तेवढ्यासाठी एक लाख साठ हजार जास्त आहेत का? असतील. पण वाया गेले असं मी म्हणणार नाही.

वैनगंगा

हातमोज्यांचं अगदी खरं. मीही सुरुवातीच्या वर्षांत तेच केलंय, शिकवणारं कुणी नव्हतं. फक्त, हे शिकायला नैरोबी कशाला, कृष्णाकाठताईंच्या खोलीबाहेर महिनाभर बसली तरी चालेल.

रानजाई

सगळं भाचीला वाचून दाखवलं. उनाड_वाराचं दोनदा वाचायला लावलं तिने. मी २७ व्या वर्षी गेले होते, पण माझ्याबरोबर पाण्याला कुणी चाललं नाही, कारण मी रोज संध्याकाळी खोलीत बसून दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी करायचे. हे मला आज कळलं. 'जाऊ नकोस' हा शब्द मी मागे घेतलाय. 'बोलू नकोस' मात्र मागे घेत नाही.

तिने काल संस्थेला मेल करून विचारलं: मला सभा घ्याव्या लागतील का, रुग्णांच्या नोंदी मला दिसतील का, दुभाषी कोण असेल. आज उत्तर आलं. सभा आठवड्याला तीन. नोंदींबद्दल काही लिहिलेलं नाही. दुभाषी गावातलीच एक अनुभवी महिला, 'सगळ्यांच्या ओळखीची'.

तिने अजून पैसे भरलेले नाहीत. कृष्णाकाठताई, तुमच्या केंद्रावर विद्यार्थिनीला बसता येईल का, कुणाची परवानगी लागते, ते कळवाल? तिला पुढच्या महिन्यात पंधरा दिवस सुट्टी आहे.