‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये वैर आलं कुठून? (एनिमीज टू लव्हर्स आवडणाऱ्यांनीही या)

गुलबक्षी

गेली दोन-तीन वर्षं मी परीकथांची रिटेलिंग्ज (जुनी गोष्ट नव्याने सांगणारी पुस्तकं) सपाटून वाचते आहे. बहुतेकांचा साचा एकच. तो आणि ती आधी एकमेकांच्या जिवावर उठलेले आणि पुस्तक अर्धं सरलं की एकमेकांच्या मिठीत. भांडणातून जुळलेलं प्रेम मलाही आवडतं, त्यावर माझा राग नाही. खटकतं ते त्याचं समर्थन. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘अहो, मूळ गोष्टच तशी आहे, कैदेची. आम्ही नायिकेला निदान जीभ तरी दिली.’

मूळ गोष्ट तशी नाही. म्हणून हा धागा.

आपल्याला माहीत असलेली गोष्ट मुख्यतः जान-मारी ल्प्रँस द बोमाँ यांनी १७५६ साली लिहिलेली. त्याआधी १७४० मध्ये गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी ती कादंबरीएवढी लांब लिहिली होती, बोमाँबाईंनी ती आटोपशीर केली. त्यातला जेवणाचा प्रसंग बघा. बापाच्या चुकीपायी मुलगी शापाने श्वापद झालेल्या राजपुत्राच्या महालात राहायला आली आहे. वडील निघून गेलेत, मुलगी एकटी टेबलाशी बसली आहे. श्वापद येतं आणि विचारतं, तू जेवताना मी इथे बसलो तर चालेल का? ती म्हणते, मालक तुम्ही आहात. ते म्हणतं, नाही, या घराची मालकीण तूच. मी नकोसा झालो तर ‘जा’ म्हण, मी लगेच उठेन. मग विचारतं, मी फार कुरूप आहे ना? ती सांगते, हो, मला खोटं बोलता येत नाही. जेवण झाल्यावर ते लग्नाचं विचारतं. ती भीतीने थरथरते, तरी ‘नाही’ म्हणते. महाल घुमेल असा सुस्कारा टाकून ते निघून जातं, जाताना मागे वळून वळून बघत. पुढे रोज रात्री तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

आता १९९१ चा डिस्नेचा चित्रपट. तेच जेवण. तिने टेबलावर यायला नकार दिला म्हणून श्वापद तिच्या बंद दारावर गरजतं, माझ्याबरोबर जेवणार नसेल तर उपाशी राहा म्हणतं, आणि तिला काही द्यायचं नाही असा नोकरांना हुकूम सोडतं.

मधल्या सव्वादोनशे वर्षांत श्वापद सुधारलं नाही, बिघडलं. वैर आपण घातलं. घालायला हरकत नाही, पण ते घालताना रोजचा प्रश्न आणि रोजचा नकार तेवढा काढून टाकला. कोंडणं राहिलं, विचारणं गेलं. मला ते फार लागतं, कारण या गोष्टीचा जीव त्या ‘नाही’मध्ये होता.

निवडुंग

गुलबक्षीताई, प्रसंग छान उलगडलात, पण निष्कर्ष मला अजिबात पटला नाही.

ते श्वापद सभ्य आहे, मान्य. पण मुलगी तिथे आली कशी? बापाने एक गुलाब तोडला आणि त्याची भरपाई म्हणून. एकदा तिथे पोचली की घर तुझं, कपडे तुझे, पुस्तकं तुझी, नोकर तुझे, फक्त मला ‘हो’ म्हण. घरातून बाहेर पडायची सोय नसलेल्या बाईला रोज रात्री तोच प्रश्न विचारणं म्हणजे तिच्या मर्जीची कदर नव्हे, ती तगमग आहे. हो म्हणेपर्यंत विचारत राहायचं.

आणि या मुलीचा राग कुठे आहे? ती रडते, घाबरते, मग कीव करते, मग कृतज्ञ होते. बोमाँबाई लंडनमध्ये मोठ्या घरच्या मुलींना शिकवायच्या. त्या मुलींची लग्नं घरचे ठरवणार होते, नवरा कसा असेल ते दैवावर. त्यांच्यासाठी ही गोष्ट धीर देणारी असेल. थोरल्या बहिणींपैकी एकीला देखणा नवरा मिळतो, एकीला हुशार, आणि दोघी दुःखी. म्हणजे मुलींनो, रूप बघू नका, बुद्धी बघू नका, स्वभाव चांगला असला की प्रेम मागून येईल.

माझ्या आजीचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने आजोबांचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. आजोबा चांगले होते, हातही उगारला नाही कधी. आजी म्हणायची, ‘रुळले गं हळूहळू.’ त्या ‘रुळले’मध्ये काय काय गिळलं होतं ते तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मला ही जुनी गोष्ट वाचताना आजी दिसते. म्हणून त्या बंद दारामागून ‘मी येणार नाही’ म्हणून ओरडणारी मुलगी मला हवी आहे. वैराने गोष्टीत बाईचा आवाज चढला. तो आधी चढतच नव्हता.

वाटसरू

दोन्ही गोष्टींना एकच नाव आहे. स्टॉकहोम सिंड्रोम, म्हणजे कोंडणाऱ्यावरच कोंडलेल्याचा जीव जडणं. याला प्रेम म्हणूच नये.

दौत

वाटसरू, हा शब्द जरा जपून वापरू या. तो १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत चौघांना सहा दिवस ओलीस ठेवलं होतं, त्या घटनेवरून आला. त्या शब्दाने निदान होतं ते कोंडलेल्याचं. कोंडणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. परीकथेबद्दलही तसंच होतं, सगळे मुलीची मानसिकता तपासत बसतात.

निवडुंग यांच्या रागाच्या मुद्द्याला मात्र एक पुरवणी. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली पहिलीच गोष्ट बेडूक-राजपुत्राची. तिथे चुंबन नाही. वचन दिलंस ना, मग पाळ, असं राजा मुलीला बजावतो. बेडूक तिच्या ताटात जेवतो, मग पलंगावर घे म्हणतो. तेव्हा ती संतापून त्याला उचलते आणि भिंतीवर आपटते. खाली पडताना तो राजपुत्र झालेला असतो. म्हणजे शाप तिच्या रागाने सुटतो. चुंबन नंतर कुणीतरी गोड करायला घातलं. तेव्हा राग नवा आहे हेही खरं नाही, आणि जुन्या गोष्टी सगळ्या सोशिक होत्या हेही नाही.

आपल्या पंचतंत्रात सापाशी लग्न लावलेल्या मुलीची गोष्ट आहे. लोक तिला म्हणतात, परत जा. ती म्हणते, मुलगी एकदाच दिली जाते. रात्री साप माणूस होतो, सकाळी सापाचा बाप त्याची कात जाळून टाकतो. या मुलीला कुणी प्रश्नही विचारत नाही.

गुलबक्षी

दौत, भिंतीवर आपटलेल्या बेडकाचं उदाहरण मी धाग्यातच द्यायला हवं होतं. अगदी हेच हवं आहे मला.

निवडुंग, आजीबद्दल लिहिलंत ते वाचून थोडा वेळ काही टाइप करवलं नाही. ‘रुळले’ हा शब्द माझ्याही घरात आहे. तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे, बापाचा गुलाब हा सौदाच आहे.

पण आवाज चढला म्हणून मुलीचं म्हणणं ऐकलं गेलं का? आता मला सर्वांत खुपणारं उदाहरण. सारा जे. मास यांची २०१५ ची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’, हे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’चंच रूप. (पुढे कथानक उघड केलं आहे, वाचायची असेल तर हा परिच्छेद सोडा.) नायिका फेअरा शत्रूच्या कोठडीत पडली आहे, हाताचं हाड मोडलंय, अंगात ताप. शत्रूच्या बाजूचा वाटणारा ऱ्हायसँड येतो आणि सौदा करतो : मी हात बरा करतो, तू दर महिन्यातला एक आठवडा माझ्याकडे यायचं. ती तयार होत नाही, तर तो तिचं मोडलेलं हाड पिरगळतो. हाच पुढच्या भागात तिचा जन्माचा जोडीदार. आणि तिथे कळतं की हे सगळं तिला वाचवण्यासाठी होतं, शत्रूसमोर सोंग करणं भाग होतं.

माझं भांडण या ‘नंतर कळतं’शी आहे. आधी क्रूरपणा दाखवायचा, त्याची थरारक गोडी वाचकाला द्यायची, आणि दोनशे पानांनी त्याचं कारण हजर करायचं. कारण मिळालं की माफीची गरजच उरत नाही. उलट तिलाच वाटायला लागतं की मी त्याला ओळखलं नाही. हे वाक्य मी खऱ्या आयुष्यात मैत्रिणींच्या तोंडून ऐकलंय, ‘अगं तो तसा नाहीये, त्याचं कारण वेगळं आहे.’ पुस्तकात निदान लेखिकेच्या हातात सगळं असतं. तिथे तरी त्याला ‘चुकलो’ म्हणायला लावा.

समुद्रपक्षी

तुम्ही पहिल्या भागातला हात सांगितलात, दुसऱ्या भागातलं घर सांगितलं नाहीत.

पहिल्या भागात गोष्टीतलं श्वापद म्हणजे टॅमलिन. फेअरा त्याच्यासाठी मरायला जाते, शाप सुटतो, परंपरेप्रमाणे गोष्ट संपली. २०१६ च्या दुसऱ्या भागात दिसतं काय, तर शाप सुटलेला हा राजबिंडा ‘तुझ्या काळजीपोटी’ तिला घरात बंद करतो, दाराखिडक्यांवर मंत्राचा पहारा बसवून. कोठडीतून आलेल्या बाईला बंद घरात श्वास लागेनासा होतो. तिला तिथून बाहेर काढतात, ती पुन्हा नांदायला जात नाही. परीकथेच्या ‘सुखाने नांदू लागले’नंतर काय होतं ते इतक्या सरळ किती जणांनी लिहिलंय? मी पुरुष वाचक आहे, आणि ‘काळजी म्हणून’ मी बायकोला कधी काय काय करू दिलं नाही याचा विचार मी त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा केला. गाडी रात्री नेऊ नको, एकटी जाऊ नको, वगैरे. त्यावर आमचं बोलणं झालं. तेव्हा या पुस्तकांना सरसकट मोडीत काढू नका.

हात पिरगळण्याचं समर्थन मी करत नाही. ते चूकच आहे, आणि त्याचं कारण देणं ही लेखिकेची पळवाट आहे.

वैर ते प्रेम चांगलं कसं लिहावं याचा नमुना मला नाओमी नोविक यांच्या २०१८ च्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’मध्ये दिसतो. मूळ गोष्ट रंपेलस्टिल्टस्किनची, गवताचं सोनं करणारी. इथे मिर्येम ही ज्यू सावकाराची मुलगी. बाप भिडस्त, वसुली करवत नाही, म्हणून ती स्वतः थंडीत दारोदार जाऊन वसूल करते. चांदीचं सोनं करते, ही तिची बढाई ऐकून बर्फाचा राजा तिला उचलून नेतो आणि राणी करतो. दोघांना एकमेकांचा तिटकारा. तिचं हत्यार म्हणजे हिशेब. तुझ्याकडून माझं इतकं येणं निघतं, चुकव. रोज रात्री ती त्याच्याकडून प्रश्नांची उत्तरं वसूल करते. लक्षात घ्या, इथे रोज रात्री प्रश्न विचारणारी ती आहे. शेवटी तो तिच्या दारी रीतसर मागणी घालायला येतो, आणि लग्न लागतं ते तिच्या घराच्या रीतीने. वैर खरं, देणं खरं, फेड खरी.

निवडुंग

समुद्रपक्षी, हिशेबाचं उदाहरण मनापासून आवडलं. आजीला वही दिली असती तर तिने काय येणं मांडलं असतं, याचा विचार करतेय.

गुलबक्षीताई, एक गोष्ट मात्र नोंदवते. तुम्ही व्हिलनव्हबाईंचा उल्लेख करून पुढे गेलात. त्यांच्या १७४० च्या मूळ पाठात श्वापद रोज रात्री ‘लग्न करशील का’ असं विचारत नाही. ‘माझ्यासोबत झोपशील का’ असं विचारतं. सोळा वर्षांनी मुलींसाठी लिहिताना बोमाँबाईंनी प्रश्न सभ्य केला. म्हणजे प्रत्येक पिढी तिला झेपेल तसा हा धोका लिहिते. आजच्या लेखिका तो लपवत नाहीत, एवढंच.

गुलबक्षी

बरोबर, तो प्रश्न तसाच आहे, आणि मी तो गाळायला नको होता. पण तिथेही ती ‘नाही’ म्हणते आणि ते शुभरात्र म्हणून निघून जातं. प्रश्न कितीही उघडा असला तरी नकार टिकतो. माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं.

पारिजात

मी आमच्या वस्तीतल्या वाचनालयात शनिवारी आठवी-नववीच्या मुलांबरोबर वाचन करते. हा धागा वाचून परवा तो जेवणाचा प्रसंग मराठीत सांगितला आणि चित्रपटातला प्रसंगही. मग विचारलं, कोणाकडे राहायला आवडेल?

मुलगे लगेच म्हणाले, पहिल्याकडे, तो चांगलं बोलतो. मुलींमध्ये चुळबुळ झाली. एक मुलगी कधीच बोलत नाही, मागे भिंतीला टेकून बसते. ती म्हणाली, ‘तो ‘जा म्हण, मी जातो’ म्हणतो. पण ‘तू जा’ असं म्हणतो का?’

मला उत्तर देता आलं नाही. आहे का तसं कुठे?

गुलबक्षी

आहे. तिला नक्की सांगा.

आरशात तिला वडील आजारी दिसतात, ती घरी जायचं म्हणते. श्वापद म्हणतं, तुला दुःख देण्यापेक्षा मी मेलेलं बरं, जा. ती आठ दिवसांची मुदत मागून घेते. ते तिला एक अंगठी देतं, परत यायचं असेल तेव्हा झोपताना टेबलावर काढून ठेव म्हणतं. मागे पहारेकरी नाही. मुदत टळते, तरी कुणी आणायला येत नाही. दहाव्या रात्री ती स्वतः उठते आणि अंगठी टेबलावर ठेवते.

निवडुंग

दहाव्या रात्री तिला स्वप्न पडतं की ते मरायला टेकलंय. तिच्यावाचून. तेव्हा उठते ती. हेही सांगा त्या मुलीला.

पारिजात

दोन्ही सांगते. खरं तर शनिवारी पुस्तक तिच्याच हातात देते, अंगठीपासून पुढे तीच वाचेल.