सामना चालू असताना बातमी आली तेव्हा... (अनुभव धागा)

आपण चाहते एकत्र आलो की आकडे फार बोलतो. कोणाचं शतक, किती चेंडू, कोणी झेल सोडला. पण कितीतरी सामने आपल्याला नुसते सामने म्हणून आठवत नाहीत. त्या दिवशी देशात काय चाललं होतं, पडद्याच्या खालच्या पट्टीत काय सरकत होतं, घरात कोण गप्प झालं होतं, हे सगळं त्या धावफलकाला चिकटलेलं असतं. खेळ म्हणजे जगाचा ताप विसरायची जागा, असं म्हणतात. मला ते कधीच पटलेलं नाही. तुमचा अनुभव लिहा, लांबलचक झाला तरी चालेल.

सुरुवात मी करतो. मे १९९९, इंग्लंडमधला वर्ल्ड कप. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर सर गेल्याची बातमी आली आणि सचिन मुंबईला परतला. तो नसताना लेस्टरला झिंबाब्वेकडून आपण अवघ्या ३ धावांनी हरलो. आता तो कशाला परत जातोय, असंच आमच्याकडे सगळे म्हणत होते. तो गेला. २३ मेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४०. शतक झाल्यावर त्याने मान वर करून आभाळाकडे पाहिलं. आमच्या घरात तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा उठून आत गेले. क्रिकेटमधलं काही न कळणारी आजी मात्र तिथेच बसून होती. म्हणाली, "त्याच्या आईपाशी कोण आहे रे आत्ता?"

* * *

जुना श्रोता

३१ ऑक्टोबर १९८४. सियालकोटला भारत-पाकिस्तान एकदिवसीय सामना. आपल्या ४० षटकांत ३ बाद २१० झाल्या होत्या, दिलीप वेंगसरकर ९४ वर नाबाद. इंदिराजींच्या हत्येची बातमी तिथे पोहोचली आणि सामना जागच्या जागी थांबला. पुढचा सगळा दौराच रद्द झाला.

मी तेव्हा नोकरीला नवीन होतो. ऑफिसात एकाकडे ट्रान्झिस्टर होता. आकाशवाणीवर अधिकृत घोषणा व्हायला संध्याकाळ उजाडली, त्याआधी बीबीसीवर ऐकलेलं खरं मानायचं की नाही यावरून साहेब आणि शिपाई यांच्यात जुंपली होती. मग पुढचे दिवस चाळीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथे दाटीवाटीने बसून तीन मूर्ती भवनातली अंत्यदर्शनाची रांग पाहिली. एरवी त्याच घरात क्रिकेट बघताना इतका गोंगाट व्हायचा की खालच्या मजल्यावरचे ओरडायचे.

वेंगसरकर ९४ वर अडकल्याचं मला खूप उशिरा कळलं. त्या आठवड्यात पेपरात क्रिकेट शोधावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. तरी आज ते धावपत्रक दिसलं की मला हळहळ वाटते, आणि ती वाटल्याची लाज वाटत नाही. सहा धावा राहिल्या त्या राहिल्याच.

* * *

काळा कोट

नोव्हेंबर १९९३, हिरो कपची उपांत्य फेरी, ईडन गार्डन्स. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला ६ धावा हव्या होत्या, चेंडू सचिनच्या हातात. त्याने ३ दिल्या, आपण २ धावांनी जिंकलो. हे सगळ्यांना पाठ आहे. पण ही स्पर्धा दाखवायची कोणी यावरून केवढं महाभारत चाललं होतं, हे आता फारसं कोणाला आठवत नाही. क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले होते आणि सरकारी यंत्रणा परवानगी द्यायला तयार नव्हती. मॅच दिसणार की नाही, या एका प्रश्नावर आम्ही विद्यार्थी सकाळी पेपर उघडायचो.

त्या भांडणाचा निकाल सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि खासगी कंपन्यांचीही असता कामा नये. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. मी लॉ करत होतो, हा निकाल आम्हाला अभ्यासाला होता. इतर निकाल घोकावे लागले, हा एकदाच वाचला. आज घरात इतकी चॅनेलं दिसतात त्यामागे त्या निकालाचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला दाखवायला मिळालेच पाहिजेत, हा २००७ चा कायदाही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. ज्याच्याकडे पैसे भरून घेतलेलं चॅनेल नाही तोही चाहताच आहे.

* * *

५६ एपीओ

माझा भाऊ १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलच्या वेळी, वर होता. वर म्हणजे नक्की कुठे, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पत्राचा पत्ता एकच, फौजेच्या टपालाचा, ५६ एपीओ. आमच्या सातारा भागात त्या महिन्यात पोस्टमन दिसला की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. कोणी त्याला हाक मारायची नाही, तो कोणाच्या दारी वळतो ते नुसतं बघत राहायच्या.

८ जूनला मँचेस्टरला भारत-पाकिस्तान. सीमेवर लढाई चालू असताना त्याच दोन देशांचा वर्ल्ड कपमधला सामना. आईने आधीच सांगून ठेवलं होतं की आज टीव्ही लावायचा नाही. वडिलांनी लावला. ते म्हणाले, पोरगं तिकडे रेडिओ कानाला लावून असेल, त्याला जे कळतंय ते आपल्याला कळायला नको?

२२७ केल्या आपण. मग व्यंकटेश प्रसाद आला. २७ धावांत ५ बळी, पाकिस्तान १८० वर संपलं. षटकं संपली की वडील चॅनेल बदलून बातम्या लावायचे, मग परत मॅच. बातम्यांत बोफोर्स तोफांचा धूर, मॅचमध्ये पवेलियनकडे चाललेला इंझमाम. जिंकल्यावर गल्लीत फटाके वाजले तेव्हा आई दचकून उठून बसली, ते मात्र मी विसरत नाही.

भाऊ सुखरूप परत आला. तो मॅच ऐकत होता का, हे मी विचारलं. म्हणाला, "मॅच होती त्या दिवशी?" वडिलांना हे मी कधीच सांगितलं नाही.

* * *

पट्टीवाचक

वरच्या ताईंचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. एवढंच लिहितो की चॅनेल बदलत राहणारे वडील आमच्याकडेही होते, किल्लारीच्या भूकंपानंतर. लातूरला आत्याचं घर.

* * *

लेडीज डबा

२६ नोव्हेंबर २००८ ला कटकला आपण इंग्लंडला हरवलं. मालिका ५-० झाली. त्याच रात्री मुंबईवर हल्ला झाला.

मी डोंबिवलीची. रोज सीएसटीला उतरायचे. त्या संध्याकाळी नेहमीच्या गाडीने घरी आले, एवढंच माझं नशीब. स्टेशनवरचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून सतत सूचना देऊन लोकांना बाहेर काढलं, हे नंतर सगळ्या देशाला कळलं. आमच्यासाठी तो रोज कानावर पडणारा आवाज होता. पुढचे तीन दिवस टीव्ही बंदच झाला नाही. कमांडो हेलिकॉप्टरमधून उतरताना लाइव्ह दाखवत होते आणि मला कळत नव्हतं की हे आत बसलेल्यांनाही दिसत असेल. कसाबच्या खटल्यात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांच्या त्या प्रक्षेपणावर अगदी कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि पुढे २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट चित्रण दाखवायला बंदी करणारा नियम आला. हे व्हायलाच हवं होतं.

उरलेले दोन एकदिवसीय सामने रद्द झाले, इंग्लंडची टीम मायदेशी गेली. पण ती परत आली, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मुंबईला ठरलेली कसोटी हलवली आणि चेन्नईला सामना झाला. चौथ्या डावात ३८७ करायच्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी सेहवागने ६८ चेंडूंत ८३ करून दार उघडून दिलं. सोमवारी, १५ डिसेंबरला, ऑफिसात कँटीनमधल्या टीव्हीसमोर सगळे. साहेब लोकसुद्धा. आम्ही सगळे रोज त्याच स्टेशनातून ये-जा करणारे, गेले काही दिवस एकमेकांशी कामापुरतंच बोलणारे. सचिनने स्वानचा चेंडू पॅडल करून चौकार मारला. शतकही झालं आणि सामनाही जिंकला. युवराजने धावत येऊन त्याला मिठी मारली. मग सचिनने ते शतक हल्ल्यात गेलेल्यांना वाहिलं, आणि या जिंकण्याने ते दुःख भरून निघणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला.

आमच्या शेजारच्या टेबलावरची मुलगी, जिचा मामेभाऊ स्टेशनवर जखमी झाला होता, ती तेव्हा पहिल्यांदा रडली. आम्ही सगळ्या तिच्याभोवती बसून राहिलो. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती, कोणी उठवायला आलं नाही.

* * *

रात्रपाळी

मला मात्र अशा वेळी खेळ बघवत नाही. कोविडमध्ये यूएईतल्या रिकाम्या स्टेडियममध्ये आयपीएल चाललं होतं आणि टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गर्दीचा आवाज लावत होते. माझी ड्युटी कोविड वॉर्डात. तो खोटा जल्लोष कानावर आला की मी टीव्ही बंद करायचे. पण वॉर्डातले पेशंट मोबाइलवर स्कोअर विचारायचे, त्यांना मी न चुकता सांगायचे. ऑक्सिजनवर असलेले एक काका धोनीचं काय झालं एवढं विचारायला मास्क बाजूला करायचे आणि माझा ओरडा खायचे. ते बरे होऊन घरी गेले.

* * *

फिजिओ

१२ जून २०२१, कोपनहेगन, फुटबॉलचा डेन्मार्क-फिनलंड सामना. डेन्मार्कचा एरिक्सन चालता चालता कोसळला. त्याला सीपीआर सुरू झाला तेव्हा त्याच्या टीममधल्यांनी भोवती कडं केलं आणि पाठ आत, तोंड बाहेर करून उभे राहिले. अकरा जणांचा खेळ म्हणजे काय ते मला त्या कड्यात दिसलं. कॅमेरे तरी फटींतून शिरतच होते, त्याची भेदरलेली जोडीदारही दाखवली. तो वाचला. आमच्या क्लबात मी त्यानंतर सगळ्या पोरांना छाती दाबायची पद्धत शिकवली, अजून दर सीझनला शिकवतो.

* * *

तालमीतला

कोल्हापूरचा आहे, त्यामुळे ऑगस्ट २०२४ चा पहिला आठवडा माझ्या अंगावर आहे म्हटलं तरी चालेल. १ तारखेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, त्यानंतर आपल्या मातीतल्या माणसाचं वैयक्तिक पदक. गावात चॅनेलवाल्यांच्या गाड्या मावेनात.

मग ६ तारखेला कुस्तीत विनेश फोगट. जपानची सुसाकी आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर कोणाला हरली नव्हती. विनेशने तिला शेवटच्या काही सेकंदांत पाडलं तेव्हा आमच्या वस्तादांनी फेटा काढून हवेत उडवला. वर्षभर आधी हीच पोरगी दिल्लीत रस्त्यावर न्याय मागत बसलेली आम्ही बातम्यांत पाहिली होती, पोलिसांनी फरफटत नेलेली पाहिली होती. म्हणून त्या विजयाला वजन होतं.

सकाळी बातमी आली, १०० ग्रॅम जास्त. टीव्हीवर जो तो कट शोधत होता. ज्याने कधी वजन तोडलंय त्याला हे वेगळं दिसतं. कुस्ती दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या खेळायच्या, मधे अंगात ताकद राहावी म्हणून खायचं-प्यायचं, ते वजन रात्रीत परत उतरवायचं. रात्रभर पळायचं, गरम खोलीत घाम काढायचा, तोंडात पाण्याचा थेंब नाही. शेवटी थुंकायलाही तोंडात ओल राहात नाही. विनेशचे केसही कापले होते. नियम असा की दुसऱ्या दिवशी वजनात बसला नाही तर थेट शेवटचा नंबर, आदल्या दिवशीच्या कुस्त्या धरतच नाहीत. हा नियम मला आजही अन्यायाचा वाटतो. जिंकलेली कुस्ती जिंकलेलीच असते.

त्या दिवशी तालमीत कोणी जोर काढले नाहीत. वस्ताद एकटेच माती खणत बसले.

* * *

बंगळूरकर

३ जून २०२५ ला अहमदाबादला आयपीएलची फायनल संपली. अठरा सीझन वाट पाहून आमची टीम, आरसीबी, ६ धावांनी जिंकली, विराटचे डोळे शेवटच्या षटकातच भरून आले होते. मी मराठी, पण नोकरीला इथे आल्यापासून हीच माझी टीम. रात्रभर रस्त्यावर होतो.

दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण गेले. टीव्हीवर पडदा दुभागलेला. डावीकडे सत्कार, उजवीकडे अँब्युलन्स आणि रस्त्यावर विखुरलेल्या चपला. मरणारे बहुतेक तरुण, आमच्यासारखेच लाल जर्सी घालून आलेले. आत बाहेरची बातमी किती पोहोचली होती यावर नंतर खूप वाद झाला. माझं म्हणणं साधं आहे. गर्दी होणार हे त्या रात्री शहरातल्या प्रत्येकाला दिसत होतं, मग कोणत्या दाराने किती माणसं येणार याचा हिशेब सत्काराच्या आधी मांडायला हवा होता. चाहता तिकीट काढतो, जर्सी घेतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. त्याला जिवंत घरी पाठवणं ही मेहेरबानी नाही.

* * *

डावखुरी

थोडं चांगलंही लिहू का? मी मुलींना क्रिकेट शिकवते. २३ जुलै २०१७ ला लॉर्ड्सवर महिला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पूनम राऊतच्या ८६ धावांच्या जोरावर आपण ३ बाद १९१ होतो आणि ९ धावांनी हरलो. त्या दिवशी माझ्याकडे मोजक्याच मुली होत्या, पण दुसऱ्या दिवशी नवीन आया चौकशीला आल्या. हरलेल्या सामन्याने हे केलं!

२ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, पुन्हा वर्ल्ड कपची फायनल. पावसाने सामना उशिरा सुरू झाला. आपल्या २९८, शफालीच्या ८७. दीप्तीने अर्धशतकही केलं आणि ५ बळीही घेतले. मध्यरात्रीनंतर हरमनप्रीतने मागे धावत शेवटचा झेल घेतला. कोच अमोल मुझुमदार, रणजीत धावांचे डोंगर रचूनही ज्याला भारताची कॅप मिळाली नाही. मग मुलींनी कप मिताली आणि झूलन या जुन्या खेळाडूंच्या हातात दिला. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांच्या नातीला मी शिकवते. सकाळी त्यांनी पेपर आणला, पहिलं पान पुढे केलं आणि म्हणाले, "खेळाच्या पानावर शोधत होतो मी, मॅडम."

* * *

धागाकर्ता

सगळं वाचतोय, दोनदा वाचतोय. १९८२ च्या दिल्ली एशियाडवर अजून कोणी लिहिलं नाही. नवा रंगीत टीव्ही, आणि हॉकीच्या फायनलमध्ये पाकिस्तानकडून १-७. तो सामना पाहिलेलं इथे कोणी असेल तर पुढची पाळी तुमची.