मदत हवी आहे: ब्रिजवरची व्हीएम (आभासी मशीन) होस्टपर्यंत पोचते, राउटरपर्यंत नाही

नमस्कार मंडळी, दोन रात्री यात गेल्यात, म्हणून विचारतोय.

डेबियन 12 (लिनक्स) चा होस्ट, म्हणजे मुख्य मशीन; त्यावर व्हीएम चालवायला केव्हीएम. लॅनचं कार्ड बीआर0 ब्रिजमध्ये (व्हीएमला लॅनशी जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) घातलंय, आयपी ब्रिजवरच आहे. परवापर्यंत सगळं सुरळीत होतं. त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर, म्हणजे वेगळे बंदिस्त ठेवलेले प्रोग्रॅम, चालवणारं साधन) टाकलं आणि व्हीएमला डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप मिळणारा, आयपी पत्ताच मिळेना. हाताने 192.168.1.50 दिला. होस्ट पिंग होतो, राउटर नाही. गंमत म्हणजे व्हीएममध्ये राउटरचा मॅक (हार्डवेअर पत्ता) बरोबर दिसतो, म्हणजे एआरपी (आयपीवरून मॅक शोधणारी विचारणा) पलीकडे जाऊन परत येतंय. टीसीपीडंप (पॅकेटं पाहायचं साधन) लावला तर पिंगचं पॅकेट व्हीनेट0 (व्हीएमचं ब्रिजवरचं टोक) वर दिसतं, लॅन कार्डावर मात्र शुकशुकाट.

आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) फॉरवर्ड चेनची, म्हणजे पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांच्या यादीची, पॉलिसी ड्रॉप (नियम जुळला नाही तर पॅकेट टाकून द्या) झालीय, ती डॉकरने केली. ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स ही कर्नलची सेटिंग 1 आहे, त्यामुळे ब्रिजवरची पॅकेटंही त्याच चाळणीतून जातात. ते 0 केलं की व्हीएम लगेच चालू!

पण 0 ठेवलं तर एकाच ब्रिजवरच्या कंटेनरांमधले डॉकरचे निर्बंध लागू होणार नाहीत, ही धास्ती आहे. त्यापेक्षा डॉकर-यूझर चेनमध्ये (आपले नियम घालायला डॉकरने ठेवलेली यादी) बीआर0 ते बीआर0 अ‍ॅक्सेप्ट असा नियम घालणं बरं का? आणि होस्ट रीबूट झाल्यावर तो टिकवायचा कसा? हा मेळ कुणी रोज चालवत असेल तर कृपया सांगा.