जोडणी तुटली की डाव गेला? 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमधला एक नियम आणि त्याचे दोन अर्थ

अडीचघर:
2020 च्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडमधल्या भारताच्या सुवर्णपदकाचा विषय निघाला की आपण अभिमानाने बोलतो आणि तिथेच थांबतो. मला त्यातल्या नियमाबद्दल बोलायचंय. नियम साधा होता: ज्याचं इंटरनेट त्याची जबाबदारी. जोडणी तुटली तरी घड्याळ चालूच राहणार, आणि वेळ संपली की डाव गेला.

28 ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत आपल्यासमोर आर्मेनिया होता. पहिली लढत (सहा डावांची; जिंकल्यास एक गुण, बरोबरीला अर्धा) आपण 3.5-2.5 अशी जिंकली. त्यात त्यांचा हाइक मार्तिरोस्यान निहाल सरीनविरुद्ध खेळताना जोडणी तुटून वेळेवर हरला. आमचं इंटरनेट व्यवस्थित चालू होतं, असं म्हणत आर्मेनियाने अपील केलं. ते फेटाळलं गेलं. तो एक डाव बरोबरीत धरला असता तरी लढत 3-3 झाली असती. आर्मेनियाचा संघ दुसरी लढत न खेळताच निघून गेला आणि आपण पुढे सरकलो.

30 तारखेला रशियाविरुद्ध अंतिम सामना झाला. पहिली लढत 3-3. दुसऱ्या लढतीत निहाल आणि नागपूरची दिव्या देशमुख या दोघांची जोडणी गेली, घड्याळं संपली, रशिया 4.5-1.5 ने पुढे. या वेळी अपील आपलं होतं. अपील समितीत एकमत झालं नाही आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे (फिडे) अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्ण देऊन टाकलं.

नियमाचा अर्थ दोन दिवसांत बदलला. तो लिहिला होता तसाच लावायचा, तर सुवर्ण रशियाचं होतं. आणि कारण बघून सूट द्यायची होती, तर आर्मेनियाच्या अपिलाचाही तितक्याच मोकळ्या मनाने विचार व्हायला हवा होता. आपला संघ जिंकला म्हणून हे बोलायचं नाही, हे मला पटत नाही.

सुमेधा_नागपूर:
अजिबात सहमत नाही. दोन्ही घटनांमध्ये जोडणी तुटली एवढंच सारखं आहे. 30 ऑगस्टला सेंच्युरीलिंक या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात बिघाड झाला, त्याचा फटका असंख्य संकेतस्थळांना सेवा देणाऱ्या क्लाउडफ्लेअरला बसला आणि जगभरातली कितीतरी संकेतस्थळं एकाच वेळी कोलमडली. चौदा वर्षांची मुलगी नागपुरात बसून खेळतेय. तिने घरात दोन जोडण्या घेतल्या असत्या, वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर लावला असता, तरी काय फरक पडला असता? जबाबदारी हा शब्द आपल्या हातात असलेल्या गोष्टींपुरताच लागू होतो. घराबाहेरचं, देशाबाहेरचं यंत्र बंद पडलं, तर ते खेळाडूच्या माथी मारणं म्हणजे नियम पाळणं नव्हे.

पत्रपट:
या वादाचं उत्तर पत्राने बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी फार आधी देऊन ठेवलंय. आंतरराष्ट्रीय पत्र-बुद्धिबळात साधारण दहा चालींना तीस दिवस मिळत. पण दिवस मोजायचे ते प्रतिस्पर्ध्याचं कार्ड हातात पडल्यापासून आपलं उत्तर टपालात पडेपर्यंत. पोस्टाच्या पोत्यात गेलेले दिवस कुणाच्याच खात्यात धरत नसत. कार्ड हरवलं तर चाल पुन्हा कळवायची. वाटेतला उशीर खेळाडूचा नाही, हे तत्त्व कार्डांच्या काळात सगळ्यांना मान्य होतं. इंटरनेट आल्यावर आपण ते सोडून का दिलं? मला वाटतं, प्रेक्षकांना निकाल लगेच हवा असतो, म्हणून. नियमाचा जन्मच आयोजकाच्या सोयीतून झालाय.

अडीचघर:
पत्रपट, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण पोस्टाचा शिक्का तिसऱ्याच माणसाच्या हातचा असे. तारीख दोघांनाही दिसायची. ऑनलाइन खेळात पुरावा म्हणजे ज्या संकेतस्थळावर डाव चालू आहे त्याच्याच नोंदी. पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद अशा डावात घड्याळ थांबवलं, तर मधल्या वेळात खेळाडू पटाकडे बघत विचार करतोय की संगणकाला विचारतोय, हे कुणी पाहायचं? कार्डावर महिनाभर विचार करायची मुभाच होती, म्हणून तिथे तो प्रश्न वेगळा होता.

सुमेधाताई, जागतिक बिघाड वेगळा, हे मान्य. पण तसं नियमात आधी लिहिलेलं हवं. निकाल लागल्यावर अध्यक्षांनी ठरवायचं, याला अर्थ लावणं म्हणत नाहीत, ती मर्जी झाली.

सुमेधा_नागपूर:
सगळं आधी लिहिता येत नाही. महामारीमुळे घाईघाईने उभी केलेली स्पर्धा होती ती. न लिहिलेला प्रसंग समोर आला की कुणीतरी निर्णय घ्यावाच लागतो. अध्यक्षांनी रशियाचं काढून आपल्याला दिलं नाही, दोघांना दिलं. याहून न्याय्य काय करता आलं असतं ते सांगा.

दुसरा_पट्टा:
त्याच वर्षी, चेसेबल मास्टर्स या ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत चीनच्या डिंग लिरेनची जोडणी तुटली आणि तो तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसनविरुद्ध वेळेवर हरला. नियमाप्रमाणे गुण कार्लसनचा. पुढच्याच डावात कार्लसनने सुरुवातीला वजीर देऊन टाकला आणि डाव सोडला. पंचांना काही करावं लागलं नाही. मला तो प्रसंग फार मोठा वाटतो, पण त्यावर नियम उभा करता येत नाही. सांघिक स्पर्धेत एका खेळाडूला संघाचा गुण असा परत देण्याचा अधिकार नसतो.

तालुका_पंच:
मी शाळकरी मुलांच्या ऑनलाइन स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करतो. मोठ्या स्पर्धांतलं वाक्य जसंच्या तसं उचलून आमच्या माहितीपत्रकात येतं: इंटरनेटची जबाबदारी खेळाडूची. पुण्यातल्या मुलाकडे फायबर, लॅपटॉप आणि शेजारी बसलेले आईवडील. पाड्यावरच्या मुलाकडे काकांचा मोबाइल, आणि रेंज येते ती घराबाहेरच्या ओट्यावर. दोघांना नियम एकच. जिंकत आलेला डाव रेंजपायी गेला की ते पोर पुढच्या वेळी नाव नोंदवत नाही. अडीचघर म्हणतात नियम लिहिलाय तसा लावा. मी तो तसा लावतो, आणि मला ठाऊक असतं की मी गरिबीला दंड करतोय.

म्हणून माझं म्हणणं निकालापेक्षा नियम लिहिण्याबद्दल आहे. प्रत्येक खेळाडूला डावात एकदा ठरावीक मिनिटांचा जोडणी-विराम द्या, त्या वेळात पट झाकलेला ठेवा, आणि शक्य तिथे तालुक्याच्या शाळेत पंचासमोर मुलांना एकत्र बसवून खेळवा.

अडीचघर:
पट झाकला तरी स्थिती डोक्यात राहतेच, आणि चांगल्या खेळाडूला तेवढं पुरतं. विरामाचा गैरवापर होणार हे गृहीत धरून तो लिहावा लागेल. शाळेत एकत्र बसवण्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे.

तालुका_पंच:
नऊ वर्षांची मुलं आहेत हो ती. थोडा गैरवापर झाला तर मी सोसेन. तुमच्या भागात कुणी असा विराम देऊन स्पर्धा घेतली असेल, तर किती मिनिटं ठेवली होती ते इथे लिहा. आमच्या पुढच्या स्पर्धेचं माहितीपत्रक अजून छापायचंय.