अनुभव धागा: व्यासपीठावरचं बोलणं घरी आलं का?

कॉलेजात असताना स्त्री-पुरुष समानतेवरच्या वादविवाद स्पर्धेत बोलला असाल, नुसते ऐकायला बसला असाल किंवा परीक्षक म्हणून गेला असाल, तर इथे लिहा. सात मिनिटांत जे ठासून सांगितलं, त्याचं पुढे घरात काय झालं ते वाचायचंय. सुरुवात मी करते.

साल १९९७. विषय: 'आरक्षणाने स्त्रीला खुर्ची मिळाली, सत्ता नाही.' १९९३ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एक तृतीयांश जागा महिलांच्या झाल्या होत्या आणि आमची काकू अशाच जागेवर सरपंच होती. मी प्रतिकूल बाजूने तावातावाने बोलले, दुसरा नंबर आणला. सुट्टीत गावी गेले तर ओट्यावर काका ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहीत बसलेले आणि काकू चुलीपुढे. रात्री तीच म्हणाली, "ते बुक वाचून दाखव गं, मी कशाकशावर सही केलीय ते." तीन रात्री वाचत होते. चौथ्या दिवशी विहीर दुरुस्तीच्या ठरावाखाली सही करायला तिने नकार दिला, कारण दुरुस्ती झालीच नव्हती. २०११ पासून महाराष्ट्रात हे आरक्षण ५० टक्के आहे. काकांसारखे 'सरपंचपती' मात्र अजून गावोगाव दिसतात.

*

ताई, मी सध्या एस.वाय.ला आहे. आमचा विषय घरकामाच्या मोबदल्याचा होता. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणारी बाई त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि ते करणारा पुरुष ९७, हे मी पाठच केलं होतं. मग म्हटलं आपल्या घरचं मोजू. वहीत आईचा दिवस लिहिला. पहाटे पाणी भरणं, डबे, धुणं, भांडी, असं करत ३४० मिनिटं झाली. आईने वही पाहिली आणि म्हणाली, "दळण आणलं ते धरलं नाहीस. आजीच्या गोळ्या नाहीत. तू रात्री उशिरा येतोस तेव्हा मी जागी असते, ते कुठे लिहिणार?" ते कुठे लिहायचं मला कळेना. बक्षीस नाही मिळालं. दळण तेव्हापासून मी आणतो.

*

मी बीड जिल्ह्यातली. आई-वडील ऊसतोडीला जातात. विषय 'समान कामाला समान वेतन'. मी सांगत होते की आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्याची असते, ती नवऱ्याच्या हातात पडते. आई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण तिच्या नावाने वेगळा रुपया निघत नाही. मुकादमाच्या वहीत तिचं नावच नाही. सभागृहात कुणालाच कोयता म्हणजे काय ते माहीत नव्हतं. समजावण्यातच पहिली घंटा झाली. सगळ्यात महत्त्वाचं राहिलं होतं: पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापतात, म्हणून बायका गर्भपिशवी काढून घेतात. ते बोलायला उभी होते तोवर दुसरी घंटा वाजली. उत्तेजनार्थ मिळालं. ते राहिलेलं वाक्य आज इथे लिहिलं.

*

परीक्षक म्हणून वीसेक वर्षं जातोय. दर तिसरं भाषण १८४८ च्या भिडे वाड्यापासून सुरू होतं. एका मुलीने मात्र ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री पुरुष तुलना' खरोखर वाचलं होतं. १८८२ साली बुलढाण्याच्या या बाईने लेखणी उचलली ती सुरतेच्या एका विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल झालेल्या शिक्षेवरून, आणि तिचा सवाल होता की त्यातल्या पुरुषाला कोणी का विचारत नाही. मुलीने एवढंच सांगितलं आणि क्षणभर थांबली. त्या थांबण्याला मी पूर्ण गुण दिले.

*

छोटंसंच. निकाल लागेपर्यंत थांबता यायचं नाही, शेवटची एस.टी. साडेसहाची. तीन वेळा माझं बक्षीस दुसऱ्यांनी घेतलं. आता आमच्या कॉलेजात स्पर्धा मी घेते. सकाळी नऊला पहिला स्पर्धक उभा राहतो, चारला निकाल. विषय समानतेचा असेल तर वेळापत्रकापासून सुरुवात करा, कळकळीने सांगते.

*

माझा विषय मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा केला, केंद्राने २००५ साली. कलमं, निकाल, सगळं मांडून पहिला नंबर आणला. पाच वर्षांनी वडील गेले. तेराव्यानंतरच्या आठवड्यात भाऊ म्हणाला, "अक्का, तालुक्याला एक चक्कर मारायचीय." दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र तयार होतं. अंगठ्याला लावलेली शाई दोन दिवस गेली नाही. माहेर तुटेल ही भीती होती, खोटं कशाला बोलू.

परवा लेक त्याच विषयावर मुद्दे मागायला आली. मी कपाटातून तो कागद काढून दिला. तिने सगळा वाचला आणि विचारलं, "आई, तुला आधी विचारलं होतं?"

"नाही. कागद तयारच होता."

ती तो कागद घेऊन तिच्या खोलीत गेली आहे. स्पर्धा शनिवारी आहे.