‘बटीक’, ‘मोलकरीण’ की आणखी काही?

उंबरठा:
सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनवर, १९०० च्या आसपासच्या काळातली कादंबरिका लिहितेय आणि पाचव्या पानावरच अडलेय. चीनमधून आणलेल्या लहान मुलींना तिथे ‘मुई त्साय’ म्हणत. शब्दाचा अर्थ धाकट्या बहिणीसारखा, लाडाचा. प्रत्यक्षात विकत घेतलेली पोर, फुकटात राबणारी. कित्येक जणी मोठ्या झाल्यावर पुढे कुंटणखान्यात विकल्या गेल्या. मी ‘बटीक’ लिहिलं, म्हणजे विकत घेतलेली दासी. खर्डा वाचणाऱ्या मावशीने ते खोडून ‘मोलकरीण’ केलं. म्हणते, बटीक आता कोणाला कळतं?

जुनी दौत:
मोलकरीण साफ चूक. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. इथे मोल बापाने घेतलं. पेशवाईतला नेमका शब्द आहे की, ‘कुणबीण’. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी दफ्तरांत आहेत.

रानवाट:
दौतकाका, माझी आजी कुणबीण होती. स्वतःची जमीन कसायची. हा शब्द दफ्तरातच राहू द्या.

जुनी दौत:
कोशात दासी हा अर्थ आहे, मी पदरचा घातलेला नाही.

रानवाट:
कोशात आहे म्हणून तोंडात यायलाच हवा असं कुठे आहे?

टपरीवरचा:
आमची आई वैतागली की हमखास म्हणायची, “मी काय बटीक आहे का तुमची?” मावशींना सांगा, कळतं. व्युत्पत्ती माझ्या मते ‘बटू’वरून. बटूची बटीक.

जुनी दौत:
आधार?

टपरीवरचा:
कानाला बरं वाटतं. बाकी नव्या पिढीला बाटिकचा कुर्ता आठवेल ही भीती खरी.

शुद्धमती:
आधी ‘चायनाटाउन’ काढा. चिनी वस्ती म्हणा.

बे एरियातली काकू:
त्या पेठेचं नावच ते आहे हो. उद्या बुधवार पेठेचं भाषांतर कराल. मी तिथून अनेकदा जाते. ९२० सॅक्रॅमेंटो स्ट्रीटवर प्रेस्बिटेरियन मिशनचं घर. डोनाल्डिना कॅमेरॉन १८९५ मध्ये तिथे शिवण शिकवायला आल्या आणि पुढे सगळा कारभारच त्यांच्याकडे आला. पोलिसांना घेऊन छापे घालायच्या. मुली त्यांना ‘लो मो’ म्हणत, म्हणजे म्हातारी आई. धंदेवाले ‘फान क्वाय’, परदेशी भूत. उंबरठा, तुमच्या गोष्टीत या बाई मुलींची ‘सुटका’ करतात की ‘उद्धार’?

उंबरठा:
अजून तरी ‘उद्धार’.

रानवाट:
बदला. उद्धार म्हटलं की वरून हात देणारा आला, आणि खाली चिखल आला. तिथे मुलींना प्रार्थना, शिवण, कडक शिस्त आणि शेवटी ख्रिस्ती चिनी नवरा. हेही लिहा.

जुनी दौत:
पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमासाठी ‘मुक्ती’ शब्द घेतला. काय वाईट?

रानवाट:
त्यालाही देवळाचा वास आहेच. मला विचाराल तर मराठीत याचं उत्तर क्रियापदातच आहे. ‘सोडवली’ आणि ‘सुटली’ यात फरक आहे ना? कित्येक बायका स्वतः पळून त्या दारात आल्या. त्यांना ‘सोडवलेल्या’ म्हणणं म्हणजे त्यांची धाव दुसऱ्याच्या नावावर मांडणं.

उंबरठा:
हे पटलं. तिएन फू वूचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. जुगाराच्या कर्जापायी बापाने विकलेली. मिशनमध्ये आली आणि पुढे अनेक वर्षं कॅमेरॉनबाईंसोबत दुभाषी म्हणून तीच छाप्यांवर जायची. ती ‘सुटलेली’ आणि ‘सोडवणारी’ दोन्ही. पण मूळ शब्दाचं काय?

शुद्धमती:
आणि ‘ट्रॅफिकिंग’चं ते ‘अनैतिक मानवी वाहतूक’ हे भाषांतर तर मुळीच नको. सिग्नल तोडल्यासारखं वाटतं.

टपरीवरचा:
एकदम मान्य. पहिल्यांदाच.

बे एरियातली काकू:
१९०६ च्या आगीत शहराचं नोंदणी दफ्तर जळालं, मग अमेरिकेत शिरण्यासाठी कागदावर कोणीही तिथल्या कोणाचाही मुलगा झाला. काही मुलीही अशा ‘लेकी’ बनून आल्या. त्यांना काय म्हणाल?

उंबरठा:
‘कागदोपत्री लेक’?

शुद्धमती:
‘कागदोपत्री’ हा शब्दच अशुद्ध. कागद फारसीतून आलेला, त्याला हा ‘ओ’ कुठून चिकटला?

टपरीवरचा:
‘दारोदारी’ फिरता ना? ‘रानोमाळ’? तिथलाच.

शुद्धमती:
ते वेगळं.

टपरीवरचा:
कसं?

उंबरठा:
अहो, बटीक ठेवू का नको?

जुनी दौत:
थांबा, ‘रानोमाळ’ची फोड आधी नीट करू.